वाऱ्याच्या तोंडचे बंदर



मॉरिशस हे नाव आता आपल्या गावात कोणास नवे राहिलेले नाही. नवविवाहित जोडपी तेथे जातात, निवृत्त मंडळी सहलकंपन्यांबरोबर जातात, आणि परत आल्यावर निळ्या पाण्याची छायाचित्रे आपणां सर्वांस मोठ्या उत्साहाने दाखवितात. ती पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि तीच आजच्या व्याख्यानाचे निमित्त झाली. ही सारी मंडळी ज्या विमानतळावर उतरतात, तो बेटाच्या आग्नेय टोकाशी, प्लेझान्स येथे आहे. तेथून अवघ्या काही किलोमीटरांवर ग्रँड पोर्टचा उपसागर पसरलेला आहे. परंतु सामान मोटारीत चढते, मोटार उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे धावू लागते, आणि ज्या पाण्याच्या काठी त्या बेटाला त्याचे आजचे नाव मिळाले, जेथे त्याचा लिखित इतिहास सुरू झाला, ते पाणी पाठीमागेच राहून जाते. आज आपण ती मोटार थोडी उलट फिरवू.

नकाशाची एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेस, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेस. त्यामुळे येथे आपण वैशाखाच्या उन्हाळ्यात पंखे हलवीत बसलो आहोत, तर तेथे आता थंडीची चाहूल लागलेली असते. थंडी म्हणजे आपल्या कोकणातल्या पौषाइतकीच, पण तिच्याबरोबर येतो तो वारा. हा आग्नेयेकडून वाहणारा वारा. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला व्यापारी वारे म्हणतो. वर्षाचा बहुतेक काळ तो वाहतो आणि जुलै-ऑगस्टात तर सारखा अंगावर येतो. ग्रँड पोर्टचा उपसागर नेमका त्याच्या तोंडावर आहे. हे आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या चारशे वर्षांत तेथे जे जे घडले, त्यातील निम्मे तरी या वाऱ्याने घडविले आहे.

दुसरी गोष्ट पोवळ्यांची. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट. काळा खडक, टोकदार डोंगर. या उपसागरावर तर निजलेल्या सिंहासारखा दिसणारा एक डोंगर पहारा करीत बसला आहे, त्याचे नावही सिंहपर्वतच. पण बेटाभोवती प्रवाळांनी स्वतःची एक भिंत बांधलेली आहे. समुद्राच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे उथळ, शांत आणि हिरवट निळे राहते. या भिंतीला मधूनमधून खिंडारे आहेत. ती कोठे पडतात? बहुधा नदीच्या मुखासमोर. प्रवाळाचा जीव खाऱ्या, स्वच्छ, उबदार पाण्यातच जगतो. नदीचे गोडे पाणी आणि तिने आणलेला गाळ त्याला सोसत नाही. म्हणून डोंगरातून ओढा जेथे उतरतो तेथे भिंत बांधलीच जात नाही, आणि त्याच फटीतून पुढे माणसाची गलबते आत येतात. ग्रँड पोर्टच्या दक्षिणेकडच्या अशाच एका वाटेवर ईल द ला पास नावाचे एक चिमुकले बेट आहे. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यासारखे ते बसले आहे.

१५९८ सालच्या सप्टेंबरात वायब्रांड व्हान वारवाइक याच्या हाताखालील डच गलबते वाऱ्याबरोबर या वाटेने आत आली. बेटावर माणूस नव्हता. अरब खलाशांना ते ठाऊक होते, पोर्तुगीज येऊन गेले होते, पण कोणी वस्ती केली नव्हती. डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचे नाव त्यास दिले. १६३८ साली त्यांनी येथे फ्रेडरिक हेंड्रिक नावाचा किल्ला बांधला. त्याचे अवशेष व्ह्यू ग्रँड पोर्ट, म्हणजे जुने ग्रँड पोर्ट, या गावात आजही दिसतात. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रायगड उभा राहतो. तसे तेथे काही नाही. पण १६४२ साली आबेल टास्मान आपली जहाजे डागडुजीला घेऊन याच बंदरात महिनाभर राहिला, आणि येथून निघून ज्या भूमीला पुढे टास्मानिया नाव पडले तेथे आणि न्यूझीलंडला पोचला, हे आठवले म्हणजे त्या पडक्या दगडांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

डचांनी आणखी काय केले? आबनूसाची झाडे तोडली. जावातून ऊस आणला आणि हरणेही आणली. जहाजांतून उंदीर आले, डुकरे आणि माकडे आली. आणि येथे राहत होता तो एक पक्षी संपला. डोडोविषयी आपण शाळेत वाचलेले आहे, बहुधा थोडे हसत. लठ्ठ, उडता न येणारा, वेंधळा पक्षी. आम्हांस हे हसणे बरे वाटत नाही. ज्या बेटावर शिकारी प्राणीच नव्हता, तेथे पळावयाचे शिकण्याची त्यास गरज काय होती? माणूस आल्यापासून शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला. आपल्या बाजूची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. शिवछत्रपतींनी सुरत लुटली त्याच्या तीसेक वर्षे आधी पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो जिवंत पाहिल्याची नोंद केली आहे. आणि जहांगीर बादशहाच्या दरबारचा चित्रकार मन्सूर याच्या नावावर असलेले डोडोचे एक रंगीत चित्र रशियात जपलेले आहे. त्या पक्ष्याच्या उत्तम चित्रांत त्याची गणना होते. म्हणजे त्याला नीट डोळे भरून पाहणाऱ्यांत आपल्याकडचा एक कलावंत होता.

डोडोची हाडे मात्र पुढे दीडदोनशे वर्षे फारशी कोणी पाहिली नव्हती. तो काल्पनिक असावा असेही काही लोक म्हणू लागले होते. १८६५ साली या उपसागराकाठच्या माएबूर गावातील जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरांनी जवळच्या मार ओ सोंज या दलदलीत मजूर उतरविले आणि चिखलात अनवाणी पायांनी चाचपडावयास सांगितले. पायांना हाडे लागली. जगातल्या कितीतरी संग्रहालयांतील डोडोचे सांगाडे त्या चिखलातून आलेले आहेत. शाळामास्तर मनावर घेतील तर काय करू शकतात, याचे हे उदाहरण या सभागृहातील शिक्षकवर्गास आवडेल असे वाटते.

डच १७१० साली बेट सोडून गेले. १७१५ साली ते फ्रेंचांनी घेतले. त्यांनाही प्रथम हेच बंदर सोयीचे वाटले, पण वाऱ्याने त्यांस शहाणपण शिकविले. शिडाचे जहाज वाऱ्याबरोबर आत येते खरे. पण त्याच वाऱ्याच्या तोंडावर, अरुंद खिंडारातून, दोन्ही बाजूंस पोवळ्यांचे दात असताना बाहेर कसे पडावयाचे? दिवसेंदिवस खोळंबून बसावे लागे. १७३५ साली माए द ला बूर्दोने हा गव्हर्नर होऊन आला. १७४६ साली मद्रास जिंकणारा तो हाच. त्याने बेटाच्या आडोशाच्या बाजूस, वायव्येकडील पोर्ट लुईला राजधानी नेली. ग्रँड पोर्ट मागे पडले. पुढे १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उपसागराकाठी जे गाव वसले, त्याला मात्र या बूर्दोनेचेच नाव मिळाले. ज्याने बंदर सोडले त्याचे नाव बंदराला! इतिहासाच्या असल्या थट्टा पुष्कळ असतात.

आता ऑगस्ट १८१० ची गोष्ट. नेपोलियनचे दिवस होते. इंग्रजांनी आधी दाराशी असलेले ते चिमुकले बेट काबीज केले, आणि मग चार लढाऊ जहाजे फ्रेंचांचा पाठलाग करीत उपसागरात घुसली. फ्रेंच सेनानी द्यूपेरे याने आपली जहाजे किनाऱ्यालगत ओळीने उभी केली होती. इंग्रज कप्तान पिम यास आतल्या वाटा ठाऊक नव्हत्या. त्याचे सिरियस आणि दुसरे मॅजिसिएन ही दोन जहाजे पोवळ्यांवर चढून बसली आणि शेवटी त्यांच्याच खलाशांनी त्यांस आग लावली. नेरेईड तोफांच्या माऱ्याखाली पुरते मोडून शरण गेले, इफिजिनियाही शेवटी शरण आले. लढाई माणसांनी केली, पण जिंकली ती पोवळ्यांनी, असे आम्ही म्हणू. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेल्या नावांत ग्रँड पोर्ट हे नाव आहे. नेपोलियनच्या काळातील समुद्रावरचा दुसरा विजय त्या कमानीवर नाही. इंग्रजांचा जखमी कप्तान विलोबी आणि जखमी द्यूपेरे या दोघांवरही माएबूरच्या एकाच वाड्यात उपचार झाले. तो वाडा आज राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे.

हा विजय साडेतीन महिनेही टिकला नाही. नोव्हेंबरअखेर इंग्रजांचे मोठे सैन्य बेटाच्या उत्तरेस उतरले आणि ३ डिसेंबर १८१० रोजी बेट त्यांचे झाले. त्या सैन्याचा सेनापती जॉन ॲबरक्रॉम्बी हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता, आणि सैन्यात हिंदी शिपाईही होते. शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती राखण्याचे इंग्रजांनी मान्य केले. म्हणूनच १५० वर्षांहून अधिक काळ इंग्रजांचे राज्य राहूनही तेथे बाजारात आज क्रिओल ऐकू येते, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये वाचली जातात आणि सरकारी कारभार इंग्रजीत चालतो.

यानंतरचा इतिहास आपल्याशी अधिक जवळचा आहे. १ फेब्रुवारी १८३५ पासून तेथील गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १८३४ पासून पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर तेथे गेले. त्यांतील बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, आणि थोडे मुंबई बंदरातून. या थोड्यांत कोकणातील आणि घाटावरील आपली माणसे होती. त्यांच्या वंशजांची वस्ती मुख्यतः बेटाच्या मध्यभागी आणि पश्चिमेस आहे, आपल्या या उपसागराकाठी नव्हे. पण गणेशचतुर्थीची सुटी साऱ्या देशाला मिळते, आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने तेथे अजून नाचली जाते. गावाचे नाव विसरले, घराचे नाव अपभ्रष्ट झाले, पण पायांनी ठेका विसरला नाही.

माएबूर हे गाव मोठे नाही. सोमवारी बाजार भरतो. त्यात फिरताना पिठात डाळ भरून लाटलेली मऊ पोळी हाती येते, तिला ते डाळपुरी म्हणतात. गूळ नसलेली पुरणपोळी समजावी, आत घेवड्याचा रस्सा आणि तिखट चटणी. नदीपलीकडे एका लहानशा कारखान्यात १८७० पासून कसाव्याची बिस्किटे होतात. कसावा म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा निघतो तो कंद. उपवासास चालतील का, असे कोणी विचारील. तो निर्णय आम्ही घरच्या वडीलधाऱ्यांवर सोडतो. संध्याकाळी समुद्रकाठी चामड्याच्या पसरट डफावर, त्याला रावान म्हणतात, सेगा नावाचे नृत्यगीत सुरू होते. ते गुलामांचे गाणे होते. हॉटेलातील रंगीत झग्यांचा सेगा आणि कोळ्यांच्या वस्तीतला सेगा यांत तोच फरक आहे, जो आपल्याकडे लग्नसमारंभातल्या लावणीत आणि फडावरच्या लावणीत असतो.

आता पाण्यात उतरू. किनाऱ्यापासून जेमतेम पाऊण किलोमीटरावर ईल ओ झेग्रेत हे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २६ हेक्टर, म्हणजे ६५ एकरांच्या आतच. आम्हांस विचाराल तर साऱ्या मॉरिशसमध्ये एकच ठिकाण पाहावयाचे असेल तर हे पाहावे. मुख्य बेट काळ्या खडकाचे, पण हे प्रवाळाच्या चुनखडीचे. येथे वाळूचा किनारा नाही, खाणेपिणे नाही. आहे ते एक खुरटे, वाकडेतिकडे जंगल. पण किनाऱ्यावरचे असले मूळचे जंगल मॉरिशसमध्ये जवळजवळ दुसरे उरलेले नाही. त्यातली आबनूसाची झाडे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली. लोकांनी येथून जळणासाठी लाकूड नेले, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफा बसविल्या, उंदीर आणि मांजरे मोकाट झाली. १९६५ साली बेट राखीव झाले. पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने ते हाती घेतले. उंदीर निपटून काढले. परके तण हाताने उपटले, एकदा नव्हे, पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे. मूळची झाडे रोपवाटिकेत वाढवून लावली.

आणि मग एक अडचण उभी राहिली. जुन्या आबनूसांना फळे येत होती, पण ती झाडाखालीच कुजत. ती खाऊन बी लांब नेणारे कोण होते? बेटाची मूळची महाकाय कासवे, आणि ती तर माणसांनी केव्हाच खाऊन संपविली होती. तेव्हा २००० साली सेशेल्सच्या आल्दाब्रा बेटाच्या जातीची कासवे येथे आणून सोडली. कासवांनी फळे खाल्ली, बेटभर भटकत बिया टाकल्या, आणि कासवाच्या पोटातून गेलेली बी अधिक चांगली रुजते असेही अभ्यासकांस आढळले. गेलेल्याच्या जागी त्याचा दूरचा भाऊबंद आणून बसविला आणि मोडलेला संसार पुन्हा चालू झाला. गुलाबी कबूतर हा मॉरिशसचा आणखी एक पक्षी. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरला होता; पिंजऱ्यात वाढवून रानात सोडण्याच्या उद्योगाने त्याची संख्या पुन्हा काही शेकड्यांवर गेली, आणि त्यांतील काही या बेटावर राहतात. पायवाटेवर हातभर लांबीच्या सापसुरळ्या बिनदिक्कत आडव्या येतात.

दक्षिणेकडच्या ब्लू बे या छोट्या उपसागरातील प्रवाळबाग १९९७ पासून संरक्षित आहे आणि २००८ साली पाणथळ जागांच्या जागतिक यादीत तिची नोंद झाली. काचेच्या तळाच्या होडीतून पाहिले म्हणजे मेंदूच्या वळ्यांसारखा दिसणारा एक प्रचंड प्रवाळ दिसतो. शेकडो वर्षे तो तेथे वाढतो आहे. वर्णनाने त्याचे काही कळावयाचे नाही, पुढे जाऊ.

२५ जुलै २०२० रोजी संध्याकाळी वाकाशियो नावाचे सुमारे ३०० मीटर लांबीचे जपानी मालकीचे जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळभिंतीवर चढले. ते आशियाकडून ब्राझीलकडे रिकामेच निघाले होते. किनाऱ्याच्या इतक्या जवळ ते का आले? खलाशांना भ्रमणध्वनीच्या लहरी मिळाव्यात म्हणून, असे चौकशीत पुढे आले. कप्तान हिंदी होता, हेही सांगितले पाहिजे. जहाजावर माल नव्हता, पण पोटात ३,८०० टनांहून अधिक इंधन होते. बारा दिवस ते तसेच लाटांचे तडाखे खात उभे राहिले. त्या बारा दिवसांत सरकारने काय केले, हा प्रश्न मॉरिशसचे लोक पुढे रस्त्यावर येऊन विचारू लागले, आणि आमच्या मते तो रास्त होता. ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले, आणि ज्या वाऱ्याने डचांना आत आणले होते, त्याच वाऱ्याने ते काळे तेल उपसागरात आणले. ते ईल ओ झेग्रेतच्या काठाला लागले. तिवरांच्या मुळांत शिरले. जुन्या ग्रँड पोर्टच्या दिशेने पसरत गेले.

तेव्हा लोक घराबाहेर पडले. सरकारी हुकमाची वाट कोणी पाहिली नाही. उसाच्या मळ्यांतून पाचट आणले, ते कापडाच्या नि जाळीच्या लांबच लांब पिशव्यांत भरले, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि समुद्रावर त्यांचे बांध घातले. केस तेल धरून ठेवतात म्हणून कित्येकांनी आपले केस कापून दिले. ज्या उसासाठी आपल्या पूर्वजांना जहाजात घालून तेथे नेले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांच्या पणतवंडांनी किनारा अडविला. आमच्या देशानेही १० जणांचे तटरक्षक पथक आणि ३० टनांहून अधिक सामग्री विमानाने पाठविली. टाक्यांत उरलेले बहुतेक इंधन उपसून काढल्यावर १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. उपसागरात कित्येक महिने मासेमारी बंद होती.

भरपाईचा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. तेल वाहून नेणाऱ्या जहाजातून तेल सांडले तर भरपाईसाठी मोठा आंतरराष्ट्रीय निधी आहे. पण वाकाशियो तेलवाहू नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन. म्हणून तो निधी लागू झाला नाही. कोळ्याच्या जाळ्याला लागलेले तेल कोणत्या जहाजातले, यावर त्याचे नशीब ठरावे, हा न्याय आम्हांस कळत नाही. आपल्या किनाऱ्यासमोरूनही अशी जहाजे रात्रंदिवस जातात. मालवणच्या पाण्यातही पोवळी आहेत.

पाहुण्यांनी मग तेथे जावे की न जावे? आमचे मत स्पष्ट आहे : जावे. ईल ओ झेग्रेतच्या कासवांचा खर्च बऱ्याच अंशी पाहुण्यांच्या तिकिटांतून निघतो. पण कसे जावे हेही पाहिले पाहिजे. माएबूरहून ब्लू बेकडे जाणाऱ्या रस्त्यावरून समुद्र कितीतरी वेळ दिसतच नाही, कारण मध्ये बंगल्यांच्या भिंती आहेत. किनारा कायद्याने सर्वांचा, वाट मात्र बंगलेवाल्याची. पाहुणा त्या भिंतीच्या आतला होऊन राहिला, तर त्याच्या पैशाचा गावास उपयोग थोडा. तो गावात राहिला, बाजारात जेवला, गावच्या होडीवाल्याबरोबर गेला, होडीवाल्याने पोवळ्यावर नांगर टाकू नये एवढे त्याने पाहिले, तर त्या होडीवाल्याला प्रवाळ जिवंत राखण्यातच आपले पोट आहे हे दिसते. जवळच्याच फेर्ने खोऱ्यातून नेण्याचा मोठा रस्ता लोकांच्या विरोधामुळे थांबला. त्या रानात आज मॉरिशसचा ससाणा घरटी करतो. १९७४ साली हा ससाणा जगात फक्त चार उरलेला ठाऊक होता.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. जुलै-ऑगस्टात आग्नेय किनाऱ्यावर वारा फार. पाण्यात उतरावयाचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. संग्रहालय पाहूनच ईल द ला पासकडे नजर टाकावी, म्हणजे लढाई डोळ्यांसमोर उभी राहते. आणि डाळपुरी सकाळीच खावी, दुपारपर्यंत संपते.

आम्ही काही चित्रे आणली आहेत. त्यांत मन्सूरच्या नावचा डोडोही आहे, आणि पाचटाचे बांध ओढणारी मुलेही. कार्यवाहांनी दिवे मालवावेत, म्हणजे पडद्यावर दाखविता येतील.